पत्र्याची कणगी

त्या वर्षी ऑक्टोबर सरला तरी पाऊस सरेना. मक्याची ताटं कणसाखाली मोडून ठेवलेली होती. कणसं माना खाली घालून लोंबत होती म्हणून आत पाणी शिरलं नाही, एवढंच. पण वाळायला ऊन लागतं आणि ऊन कुठं होतं? डोंगरावरून उतरलेलं धुकं दुपारपर्यंत शेतातच मुक्काम ठोकून बसायचं. पोसास गावची माणसं रोज एखादं कणीस सोलून दाण्यात नख रोवून बघायची आणि घरी जायची.

मक्लोवियाही तेच करायची, पण तिच्या काळजीला आणखी एक फाटा होता. तिच्या पडवीत पत्र्याची नवीकोरी कणगी उभी होती. पुरुषभर उंच, वर झाकण, खाली दाणे काढायला तोटी, आणि पोटात अठरा पोती मका मावेल एवढी जागा. ती तिनं स्वतःच्या हातानं केली होती. पत्रा कापला, वाकवला, कथलानं झाळला. मनगटावर भाजल्याचे तीन डाग अजून तांबूस होते.

हे काम ती नदीपलीकडे शिकली. नदीच्या अलीकडे होंडुरास, पलीकडे साल्वादोर. दोन्ही देशांनी मिळून छोट्या शेतकऱ्यांसाठी एक योजना काढली होती आणि तिकडची रुफिना नावाची बाई पोसासच्या बायकांना शिकवायला तयार झाली होती. रुफिना काही मास्तरीण नव्हे. तिचाही मका आणि घेवडा उतारावरच पिकायचा. तिच्या घरी तीन आठवडे राहून मक्लोविया परतली ती योजनेची कात्री, लाकडी मोगरी आणि झाळायचा खिळा घेऊनच. ही कणगी एक वर्ष टिकली, तर गावातली आणखी अकरा घरं आपापल्या कणग्या तिच्याकडूनच करून घेणार होती. नावंसुद्धा लिहून झाली होती.

घरी मात्र कौतुक कमी आणि टोमणे जास्त. तिचा सासरा तिबुर्सियो बहात्तर वर्षांचा. दोन देशांच्या लढाईच्या साली त्याचा धाकटा भाऊ पोलिकार्पो नदीकाठी पलीकडच्यांच्या गोळीनं गेला, तेव्हापासून म्हाताऱ्यानं त्या पाण्यात पाय बुडवला नव्हता. गुरंदेखील तो लांबच्या ओढ्यावर न्यायचा. सून नेमकी तिकडेच जाऊन शिकून आली हे त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

"आमच्या बायका तव्यावर भाकर थापत व्हत्या," तो म्हणायचा. "आता तवाच ठोकाय लागल्या."

"माळ्यावर मका ठेवला तर चार महिन्यांत सोंडे खात्यात, मामंजी. उरलं ते उंदीर."

"उंदरालाबी पोट हाय."

"मग त्येलाच जेवाय वाढा."

तिचा नवरा एलिसेओ अशा वेळी कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला निघून जायचा. दोन दगडांच्या मध्ये बोट घालू नये, हे तो फार लवकर शिकला होता.

नोव्हेंबरात एकदाचं आभाळ निवळलं आणि ऊन आलं. पौर्णिमा उलटली तशी तिघांनी कणसं काढायला घेतली. चढत्या चंद्रात काढलेल्या मक्याला कीड लागते, यावर सासरा आणि सून दोघांचंही एकमत होतं. तेवढ्या एकाच गोष्टीवर होतं. सहा दिवस पाठीवर करंड्या आणि कपाळावर त्यांचे पट्टे. कणसं अंगणात आली, मग सोलणं, मग दाणे काढणं. अंगठ्याची कातडी निघाली, त्यावर चिंधी बांधून पुन्हा दाणे काढणं. मग चटयांवर पसरलेला मका दर तासाला पायानं वरखाली करत फिरायचं. मक्लोवियाच्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे.

वाळवणीच्या पाचव्या दिवशी तिनं कोरड्या बाटलीत मूठभर मका घातला, वर उन्हात तापवलेलं मीठ घातलं आणि बाटली हलवायला लागली. म्हातारा ओसरीवर बसून बघत होता.

"मीठ घेवड्यात घालत्यात. बाटलीत कशापायी?"

"मीठ काचेला चिकटलं तर मका ओला. सुटं ऱ्हायलं तर कोरडा. ओला मका पत्र्यात कोंडला की सडतो, मामंजी. म्हणून बघायचं."

म्हाताऱ्यानं चटईवरचा एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज आला. "कोरडा हाय," तो म्हणाला.

मक्लोवियानं बाटली उजेडाला धरली. काच स्वच्छ होती, मीठ तळाशी सुटं पडलं होतं.

"मिठाचं आन्‌ तुमच्या दाताचं जमलं म्हणायचं."

तिबुर्सियो हसला. खालच्या दोन दातांच्या फटीतून हसला, पण हसला. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं. आता सगळं मार्गी लागतंय असंच वाटलं.

शनिवारी पाहुणे आले. राजधानीतून एक इंजिनिअर आणि पलीकडून योजनेचा एक साहेब. रुफिना आली नाही, तिला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. शाळेजवळ जीप थांबली तेव्हा निम्मं गाव अंगणात जमलेलं होतं. अठरा पोती मका कणगीत रिचवून झाला होता. झाकण तेवढं उघडं ठेवलं होतं, पाहुण्यांनी बघावं म्हणून.

इंजिनिअर माणूस वाईट नव्हता, घाईत होता. दुपारनंतर डोंगरात पाऊस झाला तर नदी चढेल, त्याआधी साहेबाला पलीकडे सोडायला त्याला नदीचा उतार ओलांडायचा होता. त्यानं मक्लोवियाला कणगीशेजारी उभं केलं. हातात मोगरी दिली. तिबुर्सियो धुतलेला सदरा घालून, हॅट छातीशी धरून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. शेत त्याचं, बियाणं त्याच्या बापापासूनचं.

"बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा," इंजिनिअर म्हणाला. "नवीन पद्धत दाखवायचीय. फक्त ताई हव्यात."

म्हातारा बाजूला झाला. सगळ्या गावादेखत झाला. मक्लोवियाला ते दिसलं. तोंड उघडून "राहू दे त्यांना" एवढंच म्हणायचं होतं. पण ती फोटोला तोंड हसरं करून उभी राहिली.

फोटो झाल्यावर म्हातारा पुढं आला. "सायेब, मातीमायचा वाटा द्यायचा ऱ्हायलाय."

पोसासात मका घरात आला की मातीला तिचा वाटा द्यायचा. धूप जाळायचा, मेणबत्ती लावायची आणि मक्याचीच आंबवलेली चिचा भोपळ्याच्या वाटीनं राशीवर शिंपडायची. तिचं पोट फोडून आपण खायला घेतलं, तर तिला प्यायला नको? हे काम गावात तिबुर्सियोचं. माळ्यावरच्या राशीवर त्यानं जन्मभर एकेक वाटी शिंपडली. खाली चूल असायची, तिच्या धुरानं रास दोन दिवसांत वाळून जायची. यंदाही त्यानं आठ दिवस आधीपासून घागरभर चिचा घालून ठेवली होती.

"वा, अवश्य," इंजिनिअर म्हणाला आणि त्यानं पुन्हा कॅमेरा काढला.

तिबुर्सियो शिडी चढला. एलिसेओनं खालून घागर दिली. म्हातारा पुटपुटला, वाटी भरली आणि वरच्या तोंडातून आत सोडली. मक्लोविया शिडीशी गेली आणि हळू म्हणाली, "पुरे, मामंजी. ह्यो माळा न्हाई. खाली चूल न्हाई ह्येला."

म्हाताऱ्यानं खाली बघितलं. थेट तिच्या डोळ्यांत बघितलं.

"असू द्या हो ताई, परंपरा आहे," इंजिनिअर हसत म्हणाला. "बाबा, इकडे बघा. हां, असंच."

तिबुर्सियोनं वाटी कमरेला खोचली, दोन्ही हातांनी घागर उचलली आणि सगळीच्या सगळी आत उपडी केली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची एउफेमिया, अकरा नावांत पहिलं नाव तिचं, ती तर म्हणाली, "असं तोंडभरून मातीला कुणी पाजलं न्हवतं." साहेब घड्याळ बघत होता. मक्लोविया शिडीला धरून उभी होती. हा सगळा मका आत्ताच्या आत्ता बाहेर काढायचा, असं म्हणायची हीच वेळ होती. पण कुणापुढं म्हणायचं? ज्याला अर्ध्या घटकेपूर्वी आपल्या फोटोतून बाजूला केलं, त्याच्या हातचा प्रसाद आता सगळ्यांसमोर उपसून फेकायचा? ती शिडी चढली. बशीत पेटती मेणबत्ती ठेवून मक्यावर ठेवली, आतली हवा जळून जावी आणि किडा गुदमरावा म्हणून. झाकण लावलं, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. पुन्हा टाळ्या झाल्या.

जीप गेल्यावर एलिसेओ म्हणाला, "उघड. वरचा वला मका काढून टाकू."

"महिनाभर उघडायचं न्हाई असं शिकवलंय. उघडली की हवा शिरती."

"आन्‌ ती चिचा?"

"मामंजींस्नी काय सांगू? तुमचा प्रसाद इख झाला म्हणू?"

एलिसेओनं कुऱ्हाड उचलली.

पहिले चार दिवस तिनं स्वतःची समजूत घातली. अठरा पोत्यांना घागरभर चिचा म्हणजे किती? दाणे पिऊन टाकतील. मग आभाळ पुन्हा भरलं, उत्तरेचा गार वारा आणि भुरभुर सुरू झाली. आठव्या दिवशी सकाळी ती कणगीवर हात ठेवून उभी राहिली. पत्रा गार होता. हात वर सरकवत ती खांद्याच्या उंचीला आली आणि तिथं पत्रा कोमट लागला. ऊन नसताना कोमट. तिनं दुसरा हात लावून बघितला, गाल लावून बघितला.

रोज ती कोमट जागा दोन-चार बोटं मोठी होत होती. ती कुणाला बोलली नाही. कोंबडं झाकून ठेवल्यानं उजाडायचं राहत नाही हे तिला कळत होतं, तरी ती झाकत राहिली. उघडली आणि आत सडलेलं निघालं तर अकराच्या अकरा घरं म्हणणार, पत्रा मका सडवतो. नाही उघडली तर वर्षाचं खाणं जाणार. घरात सहा तोंडं होती. तिची तीन लेकरं आणि ही तिघं. दाणे काढताना सोललेल्या अंगठ्यावर नवी कातडी आली होती, ती ती दातांनी कुरतडत बसायची. म्हातारा कणगीकडे पाठ करून जेवायचा.

एकोणिसाव्या दिवशी तोटीच्या फटीतून आंबूस वास आला. तिनं एलिसेओला हाक मारली.

आधी तोटी उघडली. पिवळेधमक, कोरडे दाणे खळखळत सुपात पडले आणि क्षणभर दोघांच्याही जिवात जीव आला. दोन पोती भरली, तिसरं अर्धं झालं आणि धार थांबली. एलिसेओनं पत्र्यावर बुक्की मारली, पण काही पडलं नाही. वर मका गठ्ठा होऊन अडला होता.

वरचं झाकण काढल्यावर जी वाफ आली तिनं मक्लोवियाचं तोंड फिरलं. वरचा थर काळा-हिरवा, मधे पांढरे मोड आलेले. हात जाईल तेवढं वाटीनं काढलं. मग ती डोकं खाली करून वरच्या तोंडातून आत शिरली आणि एलिसेओनं तिचे घोटे धरले. आत भट्टीसारखं गरम होतं. ढेकळं नखांनी फोडून ती टोपलीत भरत होती, खोकत होती. दर टोपलीला तो तिला पायांनी ओढून बाहेर काढायचा, ती अंगणात पालथी पडून श्वास घ्यायची आणि पुन्हा आत जायची. संध्याकाळपर्यंत हिशेब स्पष्ट झाला. अकरा पोती हाती लागली, सात गेली.

तिबुर्सियो दिवसभर परसात खड्डा खणत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सडका मका कोंबड्यांनाही घालायचा नाही, पुरायचा, एवढं मक्लोविया एकदाच म्हणाली. मका पुरणं म्हणजे पोसासात प्रेत पुरण्यासारखंच. त्यानं टोपल्या एकट्यानं वाहिल्या, एकट्यानं माती ओढली.

वास लपत नाही. एउफेमिया कुंपणाशी आली. "काय झालं गं?"

सासरा खड्ड्याशी फावडं टेकून उभा होता. मक्लोवियानं त्याच्याकडे बघितलं नाही.

"मीठ लावून न बघताच भरला मी मका," ती म्हणाली. "घाई केली. वला व्हता."

"म्हंजे शिकून आलीस ती एवढंच?" एउफेमिया म्हणाली, आणि दोन दिवसांत गावभर तेच झालं. पाणवठ्यावर बायका तिला बाटली दाखवून विचारायच्या, मीठ हवंय का. अकरापैकी नऊ नावं कमी झाली.

बातमी नदीपलीकडे पोचली तशी रुफिना खेचर घेऊन आली. ठेंगणी, रुंद, गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं परसातला खड्डा बघितला, बाजूला सांडलेले चार दाणे उचलून नाकाशी धरले.

"ह्यो वला भरलेला मका न्हाई," ती म्हणाली. "ही चिचा हाय."

"गप ऱ्हा, रुफिना."

"मी गप ऱ्हाईन. पण योजनेची माणसं गप न्हाई ऱ्हाणार. त्यांनी कळवलंय, ज्या बाईला मीठ लावायचं ध्यानात ऱ्हात न्हाई तिच्याकडं हत्यारं ठिवायची न्हाईत. दुसरीला देयाची. न्हाईतर पत्रे परत न्यायचे. ऐतवारी सगळ्यांस्नी इचारनार हाय मी."

रविवारी प्रार्थनेनंतर लोक देवळाच्या ओट्यावर बसले. मक्लोवियानं फडक्यात गुंडाळलेली हत्यारं आणली आणि रुफिनासमोर ठेवली. कात्री, मोगरी, झाळायचा खिळा. फडकं तिनं परत घेतलं, ते तिचं स्वतःचं होतं. ती त्याची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली आणि एउफेमियानंसुद्धा मान दुसरीकडे वळवली.

"ही कोण घेणार?" रुफिनानं विचारलं.

बायका डोक्यावरच्या ओढण्या सावरत बसल्या, पुरुष हॅटची कड चाचपत राहिले.

ओट्याच्या कडेवरून तिबुर्सियो उठला. तो रुफिनाकडे बघून बोलला. पलीकडच्या माणसाशी तो पन्नास वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

"तिनं मीठ लावलं व्हतं, बाई. माझ्याम्होरं. मीबी दातानं फोडून बघितला. मका कोरडा व्हता."

ओट्यावर कुजबुज झाली.

"चिचा मी वतली. तिनं मला पुरे म्हणून सांगितलं. एक वाटी मातीमायची व्हती. घागर माझ्या रागाची. मला फोटोतनं बाजूला केलं म्हणून. काय व्हईल ते मला ठावं न्हवतं, पण तिला नकोय एवढं ठावं व्हतं." त्यानं हॅट छातीशी धरली. "आन्‌ ती माझ्यापायी खोटं बोलली ते मी ऐकून घेतलं. बारा दिस ऐकून घेतलं."

तो खाली बसला. रुफिनानं हत्यारं हळूच मक्लोवियाकडे सरकवली. एउफेमिया खाकरली आणि म्हणाली, "माझं नाव पुन्यांदा लिवा. पर माझ्या घरात चिचा कणगीच्या बुडाशी, भुईवर वतायची. आत न्हाई." कुणीतरी हसलं. आणखी पाच नावं आली.

मक्लोवियाला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिच्या छातीत राग उभा राहिला होता, इतका की तिला हत्यारांना हात लावता येईना. सगळे उठून गेले तरी म्हातारा तिच्या बोलण्याची वाट बघत ओट्याखाली उभा होता.

"ह्ये त्याच सांजेला बोलला असता, मामंजी, तर टोपलीभर मका गेला असता," ती म्हणाली. "आता सात पोती गेली. जुलैनंतर चुलीवर काय घालू मी?"

"तुझं खरं हाय."

"खरं हाय म्हणून भाकर व्हत न्हाई."

रुफिना खेचराला खोगीर घालत होती, तो तिच्याकडे गेला. दोघं बराच वेळ बोलली. मग तो परत आला.

"तिच्या चुलत भावाच्या मळ्यात कॉफी तोडायला माणसं हवीत," तो म्हणाला. "मजुरी मक्यात देत्यात. फेब्रुवारीपातूर तोडलं तर तीन पोती व्हतील म्हणती. जातो मी."

"पलीकडं?"

"पलीकडंच. अलीकडच्या मळ्यांत म्हाताऱ्याला कोण ठिवतंय?"

एलिसेओ बापाचा हात धरायला पुढं झाला आणि बायकोकडे बघून थांबला. या वयात, या गुडघ्यांनी, उतारावर करंडी बांधून उभं राहायचं म्हणजे काय ते तिघांनाही ठाऊक होतं. मक्लोवियानं घरी येऊन चूल पेटवली. चांगल्या मक्याच्या तोर्तिया केल्या, मीठ घातलेला घेवडा मधे ठेवला आणि गाठोडं बांधून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं. ती थांबा म्हणेल म्हणून तो जरा रेंगाळला असेल, नसेलही.

थांबा न म्हणता तिनं चूल विझवली.

नदीपर्यंत ती त्यांच्या मागं गेली. रुफिना खेचर घेऊन आधी पाण्यात उतरली. म्हाताऱ्यानं चपला काढल्या, विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि काठाशी उभा राहिला. जिथं पोलिकार्पो पडला ती जागा तिथून दिसत होती. रुफिना चार पावलांवर थांबली, पण तिनं हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा, आणि खेचराच्या शेपटीला हात लावून चालू लागला.

पलीकडे चढून तो वळला नाही. मक्लोविया तिथंच काठावर बसली आणि ओढणी तोंडाला लावून रडली. मग ऊन होतं तोवर उरलेला मका पसरायला घरी गेली.